मोडलेला पाय आणि गिर्यारोहकाचे बळ

पर्वत चढणे हे पायांचे काम आहे, असे दुरून पाहणाऱ्यास वाटते. त्यामुळे गिर्यारोहकाचा पाय मोडला की त्याची चढाई संपली, आता त्याने दोन-तीन महिने स्वस्थ पडून राहावे, असे घरची वडीलधारी मंडळी सांगतात. सांगण्यामागे माया असते. परंतु शरीरशास्त्र त्यास पूर्णपणे दुजोरा देत नाही. हाड जुळण्यासाठी स्वस्थता लागते हे खरे, पण ती त्या हाडापुरती. उरलेल्या सर्व देहालाही तीच स्वस्थता दिली, तर हाड जुळून येते त्या दिवशी माणूस खिळखिळा झालेला असतो. आज व्यापारी घरांतील मुलेमुली सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीच्या कड्यांवर जातात, शहरातील कृत्रिम भिंतींवर दोर लावून चढतात. त्यांच्यापैकी एखाद्याचा पाय प्लास्टरमध्ये जाणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. अशा वेळी घरच्यांनी काय करू द्यावे आणि कशास मज्जाव करावा, हे समजून घेण्यास गिर्यारोहणाच्या इतिहासातील काही उदाहरणे फार उपयोगी पडतात.

पहिले उदाहरण डग स्कॉट यांचे. १९७५ मध्ये एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरून डूगल हॅस्टन यांच्यासह शिखर गाठणारे हे ब्रिटिश गिर्यारोहक. १३ जुलै १९७७ रोजी ते आणि ख्रिस बॉनिंग्टन काराकोरममधील बैंथा ब्राक या ७,२८५ मीटर उंचीच्या शिखरावर पोहोचले. गिर्यारोहक या शिखरास 'ओगर', म्हणजे राक्षस, म्हणतात. त्यापूर्वी तेथे कोणीही पोहोचलेले नव्हते. उतरण्यास प्रारंभ केला तेव्हा दिवस मावळत आला होता. दोरावरून आडवे सरकत असताना स्कॉट यांचा पाय बर्फाच्या पातळ थरावरून निसटला, ते लंबकासारखे झोका खात समोरच्या खडकावर आदळले आणि दोन्ही पाय घोट्याच्या वर मोडले. ती रात्र दोघांनी उघड्यावर, झोपण्याच्या पिशवीविना काढली. पुढे वादळ आले, अन्न संपले, बॉनिंग्टन यांच्याही बरगड्या मोडल्या. मो अँथॉइन आणि क्लाइव्ह रोलंड हे दोघे साथीदार पुढे राहून वाट काढत होते आणि स्कॉट त्यांच्यामागून गुडघ्यांवर रांगत उतरत होते. सुमारे आठवडाभर हे चालले. तळछावणीपासून पुढे बाल्टी हमालांनी त्यांना हिमनदीवरून वाहून नेले.

ही कथा धैर्याची म्हणून वारंवार सांगितली जाते, आणि ती आहेच. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट तिच्या पुढच्या भागात आहे. १९७८ च्या जून महिन्यात, म्हणजे एका वर्षाच्या आत, स्कॉट हे के-२ च्या पश्चिम धारेवरील मोहिमेत होते. निक एस्टकोर्ट यांचा हिमप्रपातात मृत्यू झाल्याने ती मोहीम सोडून द्यावी लागली. त्यानंतर १६ मे १९७९ रोजी पीटर बोर्डमन आणि जो टास्कर यांच्यासह स्कॉट यांनी कांचनगंगा हे जगातील तिसरे उंच शिखर उत्तरेकडून, प्राणवायूच्या नळकांड्याविना गाठले. स्थानिक लोकांच्या श्रद्धेचा मान राखून ते शिखरमाथ्याच्या किंचित अलीकडेच थांबले. दोन्ही पाय मोडल्यापासून या दिवसापर्यंत दोन वर्षेही पूर्ण झालेली नव्हती.

हाड आपल्या गतीने जुळते. त्या गतीवर माणसाची फारशी सत्ता नाही. पोटरीतील बारीक हाड सहा ते आठ आठवड्यांत सांधत असले, तरी नडगीच्या मोठ्या हाडास चार ते सहा महिने, कधी त्याहून अधिक लागतात. टाचेच्या व घोट्याच्या हाडांचा भरवसा तर त्याहून कमी. पण या काळात शरीराचा उरलेला व्यवहार बंद ठेवला, तर तोटा फार वेगाने वाढतो. मांडीचा पुढचा स्नायू पहिल्या एक-दोन आठवड्यांतच डोळ्यांना दिसण्याइतका सुकतो. हृदयाची आणि फुफ्फुसांची क्षमता उतरते. ज्या हाडावर भार पडत नाही, त्यातील कॅल्शियमही कमी होऊ लागते. जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेला सिद्धांत हाच की, हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची घडण बदलते. भार वाढला तर ते बळकट होते, भार गेला तर क्षीण. म्हणजे अंथरुणावरचा आराम हा फुकटचा नसतो. त्याचे व्याज रोज चढत असते आणि ते पुढे फेडताना महिने जातात.

येथे गिर्यारोहकाचे एक भाग्य असे की, त्याच्या कलेचा मोठा हिस्सा कमरेच्या वर आहे. बोटांची पकड, मनगटे, खांदे, पाठ आणि पोटाचे स्नायू यांना पायाच्या प्लास्टरचा काहीही अडथळा नसतो. जर्मनीचे विख्यात गिर्यारोहक वोल्फगांग ग्युलिश यांनी १९८८ मध्ये न्यूरेंबर्ग येथील व्यायामशाळेत लाकडी पट्ट्यांची एक तिरकी फळी उभारली. पाय अजिबात न लावता केवळ बोटांनी पट्टीवरून पट्टीवर चढत जाण्याचा तो व्यायाम आज जगभर रूढ आहे. त्यांनी तो धडधाकट असताना, बोटांचे बळ वाढवण्यासाठी योजला होता; पण पायांशिवायही गिर्यारोहकास पुष्कळ कमावता येते, हे त्यावरून उघड होते.

मात्र मोडक्या पायाने त्या फळीवर जाणे हा शुद्ध अविचार होय, कारण तेथून हात सुटला की माणूस खाली उतरतो तो पायांवरच. एक पाय प्लास्टरमध्ये असताना दाराच्या चौकटीवर बसवलेली साधी फिंगरबोर्डची फळी पुरेशी आहे, आणि तीही अशा उंचीवर की खुर्चीवर बसून किंवा चांगला पाय जमिनीवर टेकवून तिला हात पोहोचेल. शरीराचा सारा भार बोटांवर न टाकता थोडा पायावर, थोडा बोटांवर असा वाटून घेता येतो. दहा सेकंद धरावे, मग दोन-तीन मिनिटे सोडावे; असे पाच-सहा वेळा केले तरी बोटांना चांगले काम मिळते. रिकामा वेळ भरपूर असल्याने रोज दोनदा, तीनदा हेच करण्याचा मोह होतो. तो आवरावा. स्नायूंपेक्षा त्यांना हाडाशी जोडणारे कंडरे सावकाश बळकट होतात, आणि पाय बरा होईपर्यंत बोट दुखावून बसलेले गिर्यारोहक काही थोडे नाहीत. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे.

पुल-अप्स करता येतात. मात्र चढण्या-उतरण्यासाठी स्टूल आणि जवळ दुसरे कोणी असावे. जमिनीवर पाठीवर झोपून पोटाचे व्यायाम, पालथे झोपून पाठीचे, बसून वजने उचलणे, रबरी पट्ट्या ओढणे यांपैकी बहुतेक गोष्टी पहिल्या दोन आठवड्यांनंतर, सूज उतरल्यावर सुरू करता येतात. दमसासासाठी हातांनी फिरवायची सायकल काही फिजिओथेरपी केंद्रांत असते. ती नसेल तर बसल्या जागी हवेत मुष्टिप्रहार करण्याचा व्यायामही दहा मिनिटांत चांगलाच घाम काढतो. प्लास्टर निघाल्यावर आणि जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांनी अनुमती दिली तर पोहणे सर्वांत उत्तम.

चांगल्या पायाचे काय? त्यालाही व्यायाम द्यावा, आणि त्यामागे एक विलक्षण कारण आहे. येल विद्यापीठाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत एडवर्ड स्क्रिप्चर यांनी १८९४ मध्ये असे दाखवून दिले की, एका हाताला सराव दिला असता सराव न दिलेल्या दुसऱ्या हाताचेही बळ वाढते. यास पुढे 'क्रॉस एज्युकेशन' हे नाव मिळाले. बळाचा अर्धा कारभार स्नायूत आणि अर्धा मेंदू व मज्जातंतूंत चालतो, हे त्याचे कारण. म्हणून उजवी नडगी मोडली असता डाव्या पायाने खुर्चीवरून उठ-बस केली, तर उजव्या पायाची हानी काही अंशी रोखता येते. 'काही अंशी' हे शब्द महत्त्वाचे. यातून चमत्काराची अपेक्षा करू नये. परंतु विनाखर्चाचा लाभ कोण सोडील?

प्लास्टरमधील पायालाही पूर्ण विसरून चालत नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पायाची बोटे दिवसातून अनेकदा हलवावीत, मांडीचा स्नायू आतल्या आत आवळून सोडावा, पाय सरळ ठेवून उचलावा. असे केल्याने रक्त वाहते राहते आणि शिरेत गुठळी होण्याचा धोका कमी होतो. पोटरी अकस्मात दुखू लागली, गरम व लाल झाली, सूज वाढली, किंवा छातीत दुखून धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. व्यायामाचे वेड असलेली माणसे अशा वेळी 'स्नायू धरला असेल' म्हणून दुर्लक्ष करतात, आणि ते जिवावर बेतू शकते.

आहाराच्या बाबतीत गिर्यारोहकांची एक ठरलेली चूक आहे. चढणाऱ्यास अंगावरचे प्रत्येक किलो जड वाटते, म्हणून पाय मोडताच तो वजन वाढेल या धास्तीने जेवण अर्ध्यावर आणतो. वास्तविक हाड जुळवण्याच्या कामाला शरीर अधिक इंधन मागते, आणि कुबड्यांवर चालण्यास साध्या चालण्यापेक्षा पुष्कळ अधिक शक्ती लागते. उपाशी शरीर हाड सावकाश जोडते. निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात. दुखापतीच्या काळात त्याहून अधिक लागतात. शाकाहारी घरात ती मिळत नाहीत ही समजूत चुकीची आहे. मात्र योजना करावी लागते. डाळ, मूग, मटकी, चणे, दही, पनीर, शेंगदाणे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे, केवळ रात्रीच्या आमटीवर भिस्त नसावी. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तिळात त्याहूनही अधिक. ड जीवनसत्त्व मात्र ताटातून पुरेसे मिळत नाही. दिवसभर गादीवर किंवा गल्ल्यावर बसणाऱ्यांत ते बहुधा कमीच आढळते, आणि शाकाहारी माणसात ब-१२ ही कमी असू शकते. दोन्ही रक्ततपासणीत कळतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढता येतात. तंबाखू कोणत्याही रूपात असो, ती हाड जुळण्यास विलंब लावते, हे निर्विवाद आहे.

परतण्याची वेळ ही सर्वांत कसोटीची. एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसते, हातांत पूर्वीहून अधिक जोर आलेला असतो, आणि घोटा मात्र लाकडासारखा आखडलेला असतो. हात पाहून मन धावते आणि पाय मागे राहतो. म्हणून क्रम पाळावा लागतो. प्रथम एका पायावर तोल सांभाळणे, मग जिना चढणे, मग उतरणे. उतरणे अधिक कठीण, कारण त्यात शरीराचा भार स्नायूला ताणत खाली येतो. त्यानंतर भिंतीवर, वरून दोर बांधून, सोप्या चढाया. दोर वरून असल्यामुळे पडणे म्हणजे केवळ लोंबकळणे होते. बोल्डरिंग, म्हणजे दोराविना कमी उंचीवर चढणे, हे दिसायला निरुपद्रवी. पण त्यात प्रत्येक अपयशाचा शेवट जमिनीवर उडी घेण्यात होतो. ते सर्वांत शेवटी. अनेक तरुण नेमका उलटा क्रम लावतात, कारण बोल्डरिंगला साथीदार आणि दोर लागत नाहीत.

मनाची भीतीही याच वेळी उफाळते. जो सिम्प्सन यांचा उजवा पाय १९८५ मध्ये पेरूमधील सिउला ग्रांदे या शिखरावरून उतरताना मोडला आणि नडगीचे हाड गुडघ्याच्या सांध्यात घुसले. हिमभेगेत पडूनही ते बाहेर आले आणि रांगत, सरपटत तळछावणीस पोहोचले, ही कथा त्यांच्या पुस्तकामुळे आणि २००३ च्या चित्रपटामुळे सर्वश्रुत आहे. सहा शस्त्रक्रिया झाल्या. पुन्हा चढता येणार नाही असे त्यांना सांगण्यात आले होते. ते पुन्हा चढू लागले आणि १९९१ मध्ये नेपाळमधील पाचेर्मो शिखरावर पडून त्यांचा दुसरा, डावा घोटा चुराडला. त्यानंतरही ते पर्वतावर गेले. अशा माणसाचे कौतुक करावे की त्याच्या आईची चिंता करावी, हे ज्याने त्याने ठरवावे. परतणे शक्य असते, एवढे मात्र त्यावरून सिद्ध होते.

आतापर्यंतचे सर्व विवेचन हाड जुळणारच हे गृहीत धरून झाले. कधीकधी ते जुळतच नाही. अशा स्थितीत एका गिर्यारोहकाने जवळजवळ वीस वर्षे काढली, आणि त्याच्या पायामुळे अस्थिशल्यचिकित्सेच्या इतिहासाला वळण मिळाले.

कार्लो माउरी हे उत्तर इटलीतील लेक्को गावचे. जन्म १९३० चा. १९५६ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळील सार्मिएंतो शिखरावर आणि ६ ऑगस्ट १९५८ रोजी वॉल्टर बोनात्ती यांच्यासह काराकोरममधील गाशेरब्रुम-४ वर पहिले पाऊल ठेवणाऱ्यांत ते होते. त्या काळी इटलीत त्यांच्या तोडीचे गिर्यारोहक थोडेच होते. १९६१ मध्ये स्कीइंग करताना ते पडले आणि पाय मोडला. हाड जुळले नाही, जखमेत जंतुसंसर्ग झाला, पाय आखूड झाला आणि पाऊल वाकडे राहिले. उपचारांमागून उपचार झाले. वय अवघे ३१ होते.

माउरी घरी बसले नाहीत. अवघड कड्यांवरची पूर्वीची चढाई आता होणार नाही हे ओळखून त्यांनी उरलेल्या बळाला निराळे काम दिले. १९६६ मध्ये तिएरा देल फुएगोतील बकलंड शिखरावरील पहिल्या यशस्वी चढाईचे नेतृत्व त्यांनी केले. १९७० मध्ये पातागोनियातील चेर्रो तोर्रेच्या पश्चिम बाजूने त्यांची तुकडी शिखराच्या अगदी जवळ जाऊन परतली. त्याच वर्षी ते नॉर्वेचे संशोधक थोर हेयरडाल यांच्या पपायरस गवताच्या 'रा-२' नौकेवर होते. या नौकेने मोरोक्कोहून निघून ५७ दिवसांत अटलांटिक महासागर ओलांडून बार्बाडोस गाठले. त्याआधीच्या वर्षीच्या 'रा' नौकेवरही ते होते, आणि १९७७-७८ मध्ये इराकहून सिंधूच्या मुखाकडे आलेल्या 'टायग्रिस' या बोरूच्या नौकेवरही.

या नौकांवर डॉक्टर होते सोव्हिएत रशियाचे युरी सेन्केविच. माउरींच्या पायाची न भरणारी जखम त्यांच्या दृष्टीस पडत होती. पश्चिम सायबेरियातील कुर्गान शहरात गाव्रिइल इलिझारोव्ह नावाचे शल्यविशारद असे पाय बरे करतात, असे त्यांनी सुचवले. इलिझारोव्ह यांनी १९६४ च्या ऑलिंपिकमधील उंच उडीचे सुवर्णपदक विजेते वालेरी ब्रुमेल यांचा मोटारसायकल अपघातात मोडलेला पाय बरा केला होता, आणि ब्रुमेल पुन्हा दोन मीटरहून उंच उडी मारू लागले होते. तरीही पाश्चात्त्य वैद्यकजगतास या डॉक्टरांची फारशी दखल नव्हती.

इलिझारोव्ह यांची पद्धत अशी: हाडातून बारीक तारा आरपार नेऊन पायाभोवती बसवलेल्या धातूच्या कड्यांना ताणून बांधायच्या. हाडाचे तुकडे दिवसाला एक मिलिमीटर, तोही चार टप्प्यांत, असे हळूहळू सरकवले की मधल्या फटीत नवे हाड तयार होते. आणि या सर्व काळात रुग्णाला झोपवून ठेवायचे नाही. कड्यांचा सांगाडा पायात असतानाच त्याने पायावर भार देऊन चालायचे, कारण तो भार हीच हाडाला वाढण्याची सूचना असते. वोल्फ यांनी जे पुस्तकात मांडले होते, ते कुर्गानच्या इस्पितळातील रुग्ण व्हरांड्यातून चालत प्रत्यक्षात आणत होते.

१९८० मध्ये माउरी कुर्गानला गेले. जखम भरली, हाड जुळले, पाऊल सरळ झाले, पायाची लांबीही बरीचशी परत मिळाली. लेक्कोला परतल्यावर त्यांचे जुने डॉक्टर तो पाय पाहून चकित झाले. त्यांनी इलिझारोव्ह यांना आमंत्रण दिले, आणि १९८१ च्या जूनमध्ये इटलीतील बेल्लाजो येथील परिषदेत इलिझारोव्ह यांचे व्याख्यान झाले. तेथून ही पद्धत युरोपात आणि मग जगभर गेली. भारतातील अस्थिरोग विभागांतही ती आता नित्याची आहे. रुग्ण तिला सरळ 'रिंग' म्हणतात, आणि रिंग लावलेला माणूस इस्पितळाच्या आवारात वॉकर घेऊन चालताना दिसला की नातेवाइकांच्या अंगावर काटा येतो. डॉक्टर मात्र त्याला आणखी एक फेरी मारायला सांगतात.

माउरी यांना बऱ्या झालेल्या पायाने फार काळ चालता आले नाही. १९८२ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.